नामदार गोखले : राज्याचा जमाखर्च आणि रयतेचा संसार

ज्या घराचा कर्ता पुरुष शेजाऱ्यापाजाऱ्यांवर छाप पाडण्यासाठी दाराशी हत्ती झुलवितो आणि आत मुलांना एक वेळ उपाशी निजवितो, त्या घरास कोणीही सुखी म्हणत नाही. राष्ट्राच्या संसारासही हाच न्याय लागू आहे. परमुलखात दबदबा वाढत आहे, सरहद्दी पुढे सरकत आहेत, समारंभ थाटाने साजरे होत आहेत. परंतु त्याच वेळी खेड्यातील माणूस मीठ विकत घेताना दोनदा विचार करीत आहे, असे चित्र जेव्हा दिसते तेव्हा त्या राज्याच्या जमाखर्चाची वही कोणीतरी उघडून पाहावी लागते. सव्वाशे वर्षांपूर्वी ही वही उघडण्याचे धैर्य आणि ती वाचण्याची विद्या ज्या एका शाळामास्तराने दाखविली, त्याचे चरित्र आपल्या ज्ञातिबांधवांपुढे या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडावे असा विचार आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आपल्या घराघरात ठाऊक आहे. तथापि महात्मा गांधींनी ज्यांना गुरू मानले ते गोखले, एवढ्याच ओळखीवर आपण पुष्कळदा थांबतो. त्यांनी जन्मभर केले काय, कशावर विश्वास ठेवला आणि तो विश्वास कोठे कोठे तडकला, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

गोपाळरावांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक या गावी, आजोळी झाला. घराणे चिपळूणजवळच्या ताम्हनमळ्याचे. वडील कृष्णराव हे कोल्हापूर संस्थानाच्या ताब्यातील कागल येथे नोकरीस होते. मिळकत बेताची, कुटुंब मोठे, आणि कोकणातील बहुतेक मध्यमवर्गीय घरांप्रमाणे विद्या हीच काय ती इस्टेट. 1879 साली वडील निवर्तले तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव हेही शिकतच होते. त्यांनी आपले शिक्षण सोडले, दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापुरास पाठविण्यास आरंभ केला. उरलेल्या सात रुपयांत सारे घर चालावयाचे होते. या आठ रुपयांचे मोल गोपाळरावांनी जन्मभर विसरले नाही. दिव्याचे तेल वाचविण्यासाठी रस्त्यावरील कंदिलाखाली अभ्यास करावा, जेवणात काटकसर करावी, अशा रीतीने त्यांचे विद्यार्थिजीवन गेले. पुढे कोट्यवधी रुपयांचे आकडे ज्यांच्या जिव्हेवर खेळले, त्यांचा हिशेबाशी पहिला परिचय हा असा झाला होता. पैशामागे कोणाचा तरी घाम असतो, ही गोष्ट त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही.

1881 साली ते मॅट्रिक झाले. राजाराम कॉलेज, काही काळ डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज अशा क्रमाने शिकून 1884 साली, वयाच्या अठराव्या वर्षी ते पदवीधर झाले. त्या काळी अशा तरुणास सरकारी नोकरीची दारे मोकळी होती. वकिलीचा मार्गही होता. ज्या भावाने आपले शिक्षण सोडून यांना शिकविले, त्याच्या ऋणाचा विचार करता अधिक मिळकतीचा मार्ग धरणे हेच व्यवहाराचे ठरले असते. परंतु पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व आगरकर यांनी चालविलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते 1885 च्या आरंभी दरमहा पस्तीस रुपयांवर शिक्षक म्हणून लागले आणि पुढील वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र असे निरनिराळे विषय शिकविले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुष्कळ वर्षे शाळांतून चालू होते. सुट्टी लागली म्हणजे इतर लोक गावी जात; गोखले कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडत. शिक्षकाच्या पेशात हयात घालविलेल्या माणसास गोखल्यांविषयी जो जिव्हाळा वाटतो त्याचे कारण हे आहे. पुढे ते नामदार झाले, राष्ट्रसभेचे अध्यक्ष झाले, तरी बोलण्याची रीत मात्र अखेरपर्यंत वर्गातील शिक्षकाचीच राहिली. विधान करावे, त्यास आकडा जोडावा, आकड्यावरून निष्कर्ष काढावा, आणि आवाज चढवू नये.

या शिक्षकास गुरू लाभले ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. सुमारे 1887 पासून 1901 च्या जानेवारीत रानड्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षे, गोखले त्यांच्यापाशी शिकले. सरकारी अहवाल, जमाबंदीची कागदपत्रे, आयातनिर्यातीचे तक्ते हे त्यांचे पाठ्यग्रंथ होते. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन करताना प्रत्येक विधान तावून सुलाखून घेण्याची सवय त्यांना रानड्यांनी लावली. येथे आणखी एका पुरुषाचे स्मरण करणे न्यायाचे होईल. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी हायस्कुलात हेडमास्तर असलेले गृहस्थ अर्थशास्त्रात इतके निष्णात होते की, गोखल्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांसाठी लागणारी टिपणे व आकडे पुष्कळदा तेच सिद्ध करून देत. कलकत्त्याच्या कायदेमंडळात जे भाषण ऐकून मोठमोठे अधिकारी सावध होऊन बसत, त्यामागे महाराष्ट्रातील एका शाळामास्तराच्या रात्री जागून केलेल्या बेरजा-वजाबाक्या होत्या. जोशी 1911 साली वारले. त्यांचे नाव आज फारसे कोणास ठाऊक नाही.

आता त्या वहीकडे वळू. 1885 साली रशियाचे सैन्य अफगाणिस्तानच्या सीमेवर पंजदेह येथे येऊन भिडले आणि लंडनपासून सिमल्यापर्यंत धावपळ उडाली. हिंदुस्थानातील फौजेत सुमारे तीस हजार शिपाई वाढविण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस उत्तर ब्रह्मदेशावर स्वारी झाली आणि 1 जानेवारी 1886 रोजी तो मुलूख साम्राज्यास जोडला गेला. हा खर्च भागविण्यासाठी आणि चांदीचा भाव उतरल्याने आलेली तूट भरून काढण्यासाठी 1886 साली प्राप्तिकर बसला आणि 1888 साली मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला. म्हणजे मंडालेचे राज्य घेण्याच्या खर्चात कोकणातील कुळवाड्याच्या आणि देशावरील शेतमजुराच्या ताटातील मिठाचाही वाटा होता. पुढे 1895 साली चित्रळची मोहीम झाली. त्या मुलखात कायमचे राहण्याचा हेतू नाही असे आरंभी जाहीर करण्यात आले होते. मोहीम संपल्यावर ठाणे मात्र तेथे ठेवण्यात आले. 1897-98 साली तिराहची मोठी मोहीम निघाली. लाल समुद्राकाठच्या सुआकिन बंदरात 1896 साली हिंदी पलटणी पाठविल्या, तेव्हा त्यांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्याच तिजोरीतून दिला गेला. परराष्ट्रीय धोरण ठरविणार लंडनचे मंत्रिमंडळ, लढणार हिंदी शिपाई, आणि पैसे देणार तो शेतकरी, ज्याने सुआकिनचे नावही ऐकलेले नाही. अशी ही व्यवस्था होती.

1895 साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमले. दादाभाई नौरोजी त्याचे सभासद होते. 1897 साली साक्ष देण्यासाठी जे हिंदी गृहस्थ विलायतेस गेले त्यांत दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रह्मण्य अय्यर आणि तीस वर्षांचे गोखले हे होते. प्रवासात फ्रान्समधील कॅले येथे पडून त्यांच्या छातीस जबर दुखापत झाली. सोबतच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी ती काही दिवस लपवून ठेवली. पुढे त्यांच्या हृदयविकाराचे मूळ याच अपघातात असल्याचे मानले गेले. अशा स्थितीत त्यांनी कमिशनपुढे साक्ष दिली आणि उलटतपासणीस न डगमगता तोंड दिले. हिंदुस्थानातील सैन्याचा मोठा भाग हा साम्राज्याच्या सोयीसाठी ठेवलेला आहे, तेव्हा त्याच्या खर्चाचा योग्य हिस्सा इंग्लंडने उचलावा; आणि हिंदी लोकांच्या पैशाचा विनियोग ठरविताना हिंदी लोकांस बोलण्याचा अधिकार असावा, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. कमिशनने शेवटी जो भार कमी करण्याची शिफारस केली तो एकंदर खर्चाच्या मानाने अल्पच होता.

विलायतेतील या यशावर लगेच एका कटू प्रसंगाची छाया पडली. 1897 साली पुण्यात प्लेगने कहर केला होता. घरे तपासण्यासाठी गोऱ्या शिपायांच्या टोळ्या नेमल्या होत्या आणि त्यांच्या वर्तनाविषयी पुण्याहून गोखल्यांना भयंकर मजकुराची पत्रे गेली. त्यांच्या आधाराने त्यांनी तेथील वृत्तपत्रात स्त्रियांवरील अत्याचारांची हकिकत प्रसिद्ध केली. इकडे जून महिन्यात रँडसाहेबाचा खून झाला व सारे वातावरण पेटले. गोखले परतले तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणीही पुरावा घेऊन पुढे येण्यास तयार नव्हते. ज्याचा पुरावा देता येत नाही ते विधान कायम ठेवणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटले आणि त्यांनी बिनशर्त माफी मागितली. या माफीमुळे त्यांच्यावर भीरुतेचा आरोप झाला आणि कित्येक वर्षे स्वकीयांचे टोमणे सोसावे लागले. त्यांनी मित्रांची नावे सांगून स्वतःची सुटका करून घेतली नाही, ही गोष्ट टीकाकारांच्या ध्यानात पुष्कळ उशिरा आली.

1899 साली गोखले मुंबईच्या कायदेमंडळात गेले. महाराष्ट्रावर त्या वेळी दुष्काळाचे सावट होते. 1896-97 चा दुष्काळ सरतो न सरतो तोच 1899-1900 चा त्याहून भयंकर दुष्काळ आला. गुरे मेली, माणसे खडी फोडण्याच्या कामांवर गेली, आणि खेडीच्या खेडी सावकाराच्या वहीत अडकली. त्याच सुमारास, 1900 साली, गोखल्यांच्या पत्नी निवर्तल्या. पुढल्याच वर्षी गुरू गेले. घर असे रिकामे झालेले असता 1901 च्या अखेरीस सर फिरोजशहा मेहता यांच्या जागी वरिष्ठ कायदेमंडळावर त्यांची निवड झाली आणि 26 मार्च 1902 रोजी कलकत्त्यास त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले.

त्या वर्षी सरकारी तिजोरीत सुमारे सात कोटी रुपये शिल्लक पडले होते. अर्थमंत्र्यांनी हा देशाच्या भरभराटीचा पुरावा म्हणून मांडला आणि इतर सभासद अभिनंदन करीत होते. गोखल्यांनी अभिनंदनात सामील होण्यास नकार दिला. दोन दुष्काळ आणि प्लेग यांनी पिळून निघालेल्या देशात सरकारजवळ पैसा उरतो, याचा अर्थ देश श्रीमंत झाला असा नव्हे, तर जरुरीपेक्षा अधिक कर वसूल झाला असा आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

हा मुद्दा समजण्यासाठी थोडे अंकगणित करू. हिंदुस्थानास दरवर्षी विलायतेत पेन्शने, व्याज व इतर बाबींसाठी पौंडांत मोठी रक्कम द्यावी लागे. हिशेबाच्या सोयीसाठी ती 1 कोटी 60 लक्ष पौंड धरू. एका पौंडाचे 240 पेन्स. रुपया 13 पेन्सांवर उतरला असता एका पौंडास सुमारे साडेअठरा रुपये पडतात आणि एकंदर साडेएकोणतीस कोटी रुपये लागतात. रुपया 16 पेन्सांचा झाला की एका पौंडास पंधराच रुपये पुरतात आणि एकंदर चोवीस कोटींत काम भागते. म्हणजे साडेपाच कोटींची बचत. रुपया उतरत होता तेव्हा ही तूट भरण्यासाठी सरकारने कर वाढविले. 1893 साली टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद करून रुपयाची किंमत चढविण्यात आली आणि काही वर्षांत तो 16 पेन्सांवर आला. तूट नाहीशी झाली. वाढविलेले कर मात्र तसेच राहिले. ती शिल्लक येथून आली होती. उलट शेतकऱ्याचे दोन्हीकडून नुकसान झाले. रुपया महाग झाल्याने तेवढाच सारा भरण्यासाठी त्यास अधिक धान्य विकावे लागले, आणि अडीअडचणीसाठी बायकोच्या अंगावर ठेवलेल्या चांदीचे मोल उतरले. अशा रीतीने, तिजोरी भरली ती घर रिकामे करून.

मिठावरील कर कमी करावा, प्राप्तिकरातून लहान मिळकतीच्या लोकांस वगळावे आणि देशी गिरण्यांच्या कापडावरील जकात काढून टाकावी, अशा तीन मागण्या त्यांनी केल्या. भाषण देशभर गाजले. 1903 साली मिठावरील कर अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, 1905 साली दीड रुपयावर आणि 1907 साली एक रुपयावर. प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून एक हजारावर गेली. लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या हितासाठी बसविलेली कापडावरील जकात मात्र गोखल्यांच्या हयातीत गेली नाही. ती जाण्यास 1925 साल उजाडावे लागले. तरीही मीठ स्वस्त झाले, आणि ते प्रत्येक झोपडीत झाले. एका भाषणाने हे सर्व घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु त्या भाषणानंतर अंदाजपत्रकाचा दिवस हा केवळ उपचार राहिला नाही, एवढे निश्चित. त्याच 1902 साली, अठरा वर्षांच्या सेवेनंतर, दरमहा तीस रुपयांचे पेन्शन घेऊन त्यांनी कॉलेजचा निरोप घेतला आणि सर्व वेळ देशकार्यास वाहिला.

लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत बाहेरील डामडौल शिगेस पोहोचला. 1903 च्या आरंभी दिल्लीस दरबार भरला. त्याच वर्षाच्या अखेरीस कर्नल यंगहजबंड यांच्या हाताखाली एक मंडळ तिबेटात शिरले. नाव शांततेच्या बोलण्याचे, सोबत तोफा व पलटणी. 31 मार्च 1904 रोजी गुरू या ठिकाणी जुन्या बंदुका व तलवारी बाळगणारे शेकडो तिबेटी मारले गेले. ऑगस्टात फौज ल्हासा येथे पोहोचली. सप्टेंबरात करार झाला व त्या दरिद्री देशावर पंचाहत्तर लाख रुपयांचा दंड बसला, जो मागाहून पंचवीस लाखांवर आणावा लागला. 1858 च्या कायद्याप्रमाणे हिंदुस्थानचा महसूल सरहद्दीबाहेरील स्वारीसाठी पार्लमेंटच्या संमतीवाचून खर्च करावयाचा नव्हता. परंतु एकदा स्वारीस मोहीम न म्हणता वकिलात म्हटले की कायद्याचा अडसर सैल होतो, हे या वेळी दिसून आले. 1904 च्या मुंबईच्या राष्ट्रसभेने या आक्रमक धोरणाचा ठरावाने निषेध केला. गोखले कायदेमंडळात वर्षामागून वर्ष एकच प्रश्न लावून धरीत होते : लॉर्ड किचनर यांच्या लष्करी पुनर्रचनेस कोट्यवधी रुपये मिळतात, मग शाळांस व आरोग्यास का मिळत नाहीत? वीस वर्षांत लष्करी खर्च जवळजवळ दुप्पट झाला होता. 1905 साली जपानने रशियाचा पराभव केला व इंग्लंड-जपान यांचा तह नव्याने झाला, तेव्हा ज्या रशियाच्या भीतीने ही सर्व तयारी केली ती भीती आता उरली नाही, तरी खर्च थांबवा, असे त्यांनी 1906 साली बजावले. भीती गेली, खर्च राहिला.

गोखल्यांचा इंग्लंडच्या न्यायबुद्धीवर विश्वास होता. त्यांनी बर्क व मिल वाचले होते. स्वातंत्र्याचा ओनामा त्यांनी इंग्रजी ग्रंथांतूनच गिरविला होता. आपली बाजू आकड्यांनिशी मांडली म्हणजे इंग्लंडची सदसद्विवेकबुद्धी जागी होईल, ही त्यांची श्रद्धा होती. या श्रद्धेस एकामागून एक धक्के बसत गेले. 1904 साली विद्यापीठांवर सरकारी पकड बसविणारा कायदा त्यांच्या विरोधास न जुमानता झाला. 16 ऑक्टोबर 1905 रोजी बंगालची फाळणी अंमलात आली. त्या वर्षी काशीच्या राष्ट्रसभेचे अध्यक्ष या नात्याने, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, या मितभाषी गृहस्थाने कर्झनशाहीची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली आणि बंगालच्या बहिष्कारास न्याय्य शस्त्र म्हणून मान्यता दिली. पुढे जॉन मोर्ले हे भारतमंत्री झाले तेव्हा गोखल्यांना मोठी आशा वाटली, कारण मोर्ले हे ज्या ग्रंथांवर गोखल्यांनी मन पोसले त्याच परंपरेतील लेखक होते. परंतु त्यांनीच फाळणी ही ठरून गेलेली गोष्ट आहे असे जाहीर केले. 1907 साली लाला लजपतराय यांस चौकशीवाचून हद्दपार केले गेले. आणि 1909 च्या सुधारणांत विभक्त मतदारसंघ आले. ज्या घरावर विश्वास टाकला त्याच घराच्या दारातून वारंवार परत फिरावे लागावे, तशी त्यांची अवस्था झाली.

इकडे स्वकीयांचा रोषही कमी नव्हता. 1907 साली सुरतेस राष्ट्रसभा फुटली. सरकारच्या दृष्टीने गोखले गोड बोलणारे विरोधक, आणि जहाल पक्षाच्या दृष्टीने ते सरकारचे मिंधे. 1910 च्या मुद्रणविषयक कायद्यास त्यांनी निकराचा विरोध केला नाही, हा त्यांच्यावरील आक्षेप आजही अगदीच निराधार म्हणता येत नाही. अर्ज-विनंत्यांच्या मार्गाने फार थोडे मिळते, हे टिळकांचे म्हणणे काळाने पुष्कळ अंशी खरे ठरविले. परंतु गोखल्यांनी निराश होऊन लेखणी खाली ठेवली नाही, ही दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. 12 जून 1905 रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. देशास प्रथम स्थान देणे, स्वतःसाठी पैसा न मिळविणे आणि जात वा धर्म न पाहता सर्व हिंदी जनांस बंधू मानणे, अशा शपथा सभासदांस घ्याव्या लागत.

त्यांच्या सर्व कार्यात शिक्षकाच्या मनास सर्वांत चटका लावणारा प्रसंग म्हणजे प्राथमिक शिक्षणाचे बिल. 16 मार्च 1911 रोजी त्यांनी ते मांडले. मागणी अतिशय सौम्य होती : ज्या स्थानिक संस्था तयार असतील त्यांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा द्यावी आणि खर्चाचा वाटा सरकारने उचलावा. गावोगावी फिरून त्यांनी लोकमत जागे केले. सरकारने पैशाची व लोकांच्या तयारीची सबब सांगितली. काही जमीनदार व संस्थानी मंडळींनाही कुळांची मुले शिकलेली नको होती. 19 मार्च 1912 रोजी 13 विरुद्ध 38 मतांनी बिल फेटाळले गेले. ल्हासापर्यंत फौज नेण्यास जो पैसा सापडला, तो शेतकऱ्याच्या मुलाच्या पाटी-पेन्सिलीस सापडला नाही. अपयश येणार हे गोखल्यांना ठाऊक होते; आपल्या पिढीने अपयशानेच देशाची सेवा करावयाची आहे, असे समजून त्यांनी पराभव शांतपणे पत्करला.

साम्राज्यातील समतेच्या वचनांचा अनुभव त्यांनी दक्षिण आफ्रिकेतही घेतला. मुदतबंदीने नाताळात मजूर पाठविणे बंद करावे असा ठराव त्यांनी 1910 साली मांडला व 1 जुलै 1911 पासून ती पाठवणी थांबली. 1912 च्या ऑक्टोबरात ते स्वतः तेथे गेले. गांधीजी सावलीप्रमाणे बरोबर होते. बोथा व स्मट्स यांच्या भेटीनंतर मुदत संपलेल्या मजुरांवरील तीन पौंडांचा कर रद्द होईल असा त्यांचा समज झाला. तो रद्द झाला नाही आणि 1913 साली मोठा सत्याग्रह पेटला. दुखणे विकोपास गेले असताही गोखल्यांनी हिंदुस्थानात हिंडून त्यासाठी पैसा जमविला. शेवटी 1914 साली तो कर गेला. त्याच वर्षी देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला.

1915 च्या आरंभी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या विनंतीवरून त्यांनी भावी राज्यसुधारणांचा एक मसुदा लिहून काढला. हेच त्यांचे शेवटचे लेखन. 19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यास, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. जन्मभर ज्यांच्याशी मतभेद राहिला ते लोकमान्य टिळक सिंहगडाहून आले आणि स्मशानात त्यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याचा मुक्तकंठाने गौरव केला. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात याहून उदात्त दृश्य क्वचितच पाहावयास मिळाले असेल.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? गोखले हरले, असे कोणी म्हणेल. बिल नापास झाले, लष्करी खर्च वाढतच गेला, इंग्लंडवरील श्रद्धा फोल ठरली. हे सर्व कबूल करूनही एक गोष्ट उरते. राज्याच्या वैभवाने दिपून न जाता, त्या वैभवाची किंमत कोणी भरली हे विचारावयास त्यांनी या देशातील सुशिक्षितांस शिकविले. राज्यकर्ते परके असोत वा आपले असोत, हा प्रश्न जुना होत नाही. परदेशात मिळणाऱ्या मानाच्या वार्ता वाचून आनंद मानावा. पण त्याबरोबर गावच्या शाळेचे छप्पर गळते की नाही हेही पाहावे. अंदाजपत्रक प्रसिद्ध होते त्या दिवशी आपल्या घरातील किती तरुण प्राप्तिकराच्या पलीकडे दोन पाने वाचतात, याचा प्रत्येकाने आपल्याशी विचार करावा.

आणखी एक शब्द. ज्ञातिसंस्थांनी थोर पुरुषांच्या तसबिरी लावून त्यांच्या कीर्तीचा वारसा सांगावा ही रूढी आहे. गोखल्यांच्या बाबतीत हा वारसा सांगणे तितके सोपे नाही. 1903 साली धारवाडच्या सामाजिक परिषदेत त्यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांच्या स्थितीविषयी बोलताना, दक्षिण आफ्रिकेतील अपमानाने संतापणाऱ्या आपणा उच्चवर्णीयांस घरातील अन्यायाचा संताप का येत नाही, हा रानड्यांनी पूर्वी केलेला प्रश्न पुन्हा उभा केला होता. तेव्हा त्यांचे नाव घेताना ते केवळ आपले म्हणून घेऊ नये. घ्यावयाचाच असेल तर तो आठ रुपयांचा धडा घ्यावा. पंधरांतील आठ रुपये एका भावाने दुसऱ्याच्या विद्येसाठी दिले, आणि त्या विद्येची फेड साऱ्या देशास मिळाली. आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीत यथाशक्ती भर घालताना, आणि तो निधी ज्ञातीबाहेरील एखाद्या होतकरू मुलासाठीही खुला करताना, गोविंदरावांचे स्मरण आपणांस होवो.